गावची मोठी माणसे आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंज्या अंथरते, चहाचे पातेले सांभाळते आणि पाहुण्यांचे भाषण मागच्या खांबाला टेकून ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच पुढे उभे केले. मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "गिरणीवर दळणाला आलेल्या बायकांशी बोलता ना, तसेच बोला." म्हणून उभी आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

विषय मला शोधावा लागला नाही. तो आमच्या घरातच सापडला. माझी मुलगी नगरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. परीक्षेच्या दिवसांत ती मोठ्याने वाचत होती आणि मी भाकरी थापत होते. तिच्या वाचनात 'अभिजन' हा शब्द सारखा यायला लागला. मी विचारले, "अभिजन म्हणजे ग काय?" ती म्हणाली, "आई, प्रत्येक समाजात थोडी माणसे अशी असतात की त्यांच्याजवळ जमीन, पैसा, विद्या किंवा अधिकार असतो. सगळ्यांचे निर्णय शेवटी तीच माणसे घेतात. लोकशाही असली तरीसुद्धा." मला हसू आले. मी म्हटले, "एवढ्यासाठी एवढे जाड पुस्तक? आपल्याकडे त्यांना मोठी माणसे म्हणतात."

मी हसले खरी, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर तोच विचार मनात घोळू लागला. मत तर सर्वांना एकच आहे. बंगल्यातल्या बाईला दोन मते नाहीत आणि वस्तीवरच्या बाईला अर्धे नाही. मग गावात चार माणसांचाच शब्द का चालतो? आणि तो चालतो हे वाईटच आहे का? भगिनींनो, याच दोन प्रश्नांवर मी आज बोलणार आहे.

पहिली गोष्ट मी मोठ्या माणसांच्या बाजूने सांगते, कारण ती आपल्याच जिल्ह्याची आहे आणि तिच्यावर आपली चूल पेटलेली आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आले. पाणी आले म्हणून सगळे शेतकरी सुखी झाले असे नाही. ऊस पिकवायचा शेतकऱ्याने, गूळ करायचा शेतकऱ्याने, आणि भाव सांगायचा अडत्याने. साखर कारखाने होते, पण ते धनिकांच्या कंपन्यांचे. अशा वेळी लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःच्या मालकीचा कारखाना काढायचे मनावर घेतले. त्यांच्याजवळ शाळेचे शिक्षण फारसे नव्हते. पण गावोगाव हिंडून, ओट्यावर बसून, एकेका शेतकऱ्याला समजावून त्यांनी भाग गोळा केले. लोक भीत होते. पैसे बुडतील, जमीन जाईल, असे म्हणत होते. त्यांच्या पाठीशी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले. सहकारातले जाणते वैकुंठभाई मेहता यांचेही साहाय्य झाले. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. १९५०-५१ साली प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रभर सहकारी कारखान्यांची रांग लागली.

यात माझ्या मनाला लागलेली गोष्ट अशी. गाडगीळ मोठे विद्वान. त्यांना ऊस लावायचा नव्हता, की गूळ विकायचा नव्हता. विठ्ठलरावांना अर्थशास्त्राची पुस्तके ठाऊक नव्हती. एकाजवळ विद्या आणि दुसऱ्याजवळ गावाचा विश्वास. दोघेही आपापल्या परीने मोठी माणसे. त्यांनी आपले मोठेपण घरात कुलूप लावून ठेवले नाही, ते चारचौघांच्या कामाला लावले. आणि नियम असा घातला, जो सगळ्याच सहकारी संस्थांचा आहे, की ज्याचे भाग जास्त त्याला मते जास्त असे नाही. एक सभासद, एक मत. पन्नास एकरवाला आणि दोन एकरवाला मतपेटीपाशी सारखाच.

तेव्हा मोठी माणसे नकोतच, असे मी म्हणणार नाही. कोणीतरी आधी उठून दिवा लावावा लागतो. सगळ्यांनी मिळून विहीर खणायची असली तरी पहिली कुदळ कोणीतरी मारतोच.

आता नाण्याची दुसरी बाजू. मुलीच्या पुस्तकात रॉबर्ट मिशेल्स नावाच्या एका जर्मन पंडिताची गोष्ट आहे. त्याने १९११ साली एक पुस्तक लिहिले. जर्मनीत कामगारांचा एक मोठा पक्ष होता. समतेसाठी आणि लोकशाहीसाठी तो भांडत होता. या पंडिताने पाहिले तर त्या पक्षातसुद्धा थोड्याच माणसांच्या हातात सगळा कारभार गेलेला. त्याने कारण दिले ते असे. संस्था मोठी झाली की हिशेब, पत्रव्यवहार, कायदा यांची माहिती असलेली माणसे लागतात. माहिती त्यांच्याकडेच राहते म्हणून पदही त्यांच्याकडेच राहते. पद राहिले की ती माणसे हळूहळू आपल्या लोकांहून वेगळी होतात, आणि लोकांनाही सवय लागते की, "ते बघतील, आपल्याला काय कळते?" मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मी म्हटले, "हा माणूस आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला येऊन गेला होता की काय?" कितीतरी संस्थांच्या सभेत विषयपत्रिका वाचून होण्याआधीच मागून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो, आणि मग सगळे जेवणाच्या पंगतीकडे वळतात!

आपल्या जिल्ह्यात हे कसे घडत गेले ते तुम्ही सर्वजणी पाहताच. मी कोणाच्या पक्षाची नाही, म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलेच सांगते. विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले. नातू राधाकृष्ण राज्यात मंत्री झाले. पणतू सुजय २०१९ साली खासदार झाले. संगमनेरला भाऊसाहेब थोरातांनी सहकार उभा केला आणि त्यांचे चिरंजीव बाळासाहेब १९८५ पासून २०२४ पर्यंत आमदार राहिले. कोपरगावला काळे आणि कोल्हे ही दोन घराणी. कारखाना, बँक, कॉलेज, दूध संघ, दवाखाना, सारे एका अंगणात आले. त्यातून कामे झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माझी मुलगी शिकते आहे तीही कोणीतरी कॉलेज काढले म्हणूनच. पण ज्याच्या हातात उसाचा भाव, त्याच्याच हातात कर्ज, त्याच्याच हातात नोकरी आणि त्याच्याच हातात उमेदवारी, अशा ठिकाणी माणूस "नाही" कसे म्हणणार? मत गुप्त असते, पण तोंड उघडे असते.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२४ साली जूनमध्ये सुजय विखे लोकसभेला पडले आणि नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब थोरात विधानसभेला पडले. कोण योग्य, कोण अयोग्य, हा माझा विषय नाही. मला एवढेच दिसले की पाच वर्षांतून एका दिवशी बाई शाई लावलेले बोट घेऊन बाहेर येते, त्या दिवशी मोठ्यातल्या मोठ्यालाही तिच्या बोटाची वाट पाहावी लागते. चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव आज आपल्या जिल्ह्याला आहे. त्यांच्यासारखी न्यायी राज्यकर्ती विरळा. पण त्यांच्या रयतेला असा दिवस नव्हता. राजा चांगला मिळाला तर नशीब, वाईट मिळाला तरी नशीब. आपले तसे नाही.

आता मी जे सांगणार आहे ते थोडे माझ्या घरचे आहे. माझे माहेर पाथर्डीकडचे. इकडे कालव्याचे पाणी, तिकडे पावसाची वाट. आमची कोरडवाहू जमीन होती. पाऊस बरा झाला तर बाजरी, नाही तर कोयता. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरे कुलूपबंद व्हायची. माझे आईवडीलही उसाच्या टोळीत जात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मी मागे आजीजवळ राहून दोन लहान भावांना सांभाळत असे. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. पुढचे हायस्कूल दोन कोसांवर. मी गेले असते तर भावांच्या भाकरी कोणी केल्या असत्या? माझी सातवी ती अशी.

लग्न होऊन मी या पाण्याच्या गावात आले. आमच्या घरी दोन एकर जमीन आणि पिठाची गिरणी. पहिल्याच हंगामात आमच्या शेजारच्या मळ्यात टोळी उतरली. कोप्या पडल्या. पाणी न्यायला एक बाई विहिरीवर आली, ती बोलण्यावरून माझ्या माहेरच्या शिवेवरची निघाली. मी तिला "मावशी" म्हणून हाक मारली. तेव्हा शेजारची एक वडीलधारी बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "टोळीतल्या बाईला मावशी म्हणू नये. तू आता बागाईतदाराची सून आहेस." मी गप्प बसले. भगिनींनो, त्या वेळी मी गप्प बसले याची मला आजही लाज वाटते.

हे मी का सांगते? कारण एक सभासद, एक मत हा नियम फार सुंदर आहे, पण तो सभासदापुरता आहे. ऊस लावणारा सभासद आहे. ऊस तोडणारी बाई सभासद नाही. साखर तिच्याही घामाची आहे, पण त्या सभेत तिला खुर्ची नाही, मत नाही, की साधा प्रश्न विचारायचा अधिकार नाही. ज्यांना आपण मोठी माणसे म्हणतो, त्यांच्यासमोर आपण लहान आहोत. पण त्या मावशीसमोर? तिच्यासमोर मीच मोठी होते. मोठेपणा ही काही फक्त बंगल्यात राहणारी वस्तू नव्हे. ती उतरंडीसारखी आहे. प्रत्येक मडक्यावर एक मडके असते आणि खालीही एक असतेच.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात दोन सूचना अशा होत्या की त्या प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लावाव्यात. एक म्हणजे, थोर माणसाविषयी कृतज्ञ राहा, पण आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. दुसरी म्हणजे, मतपेटीत समता आणि जगण्यात विषमता अशी ओढाताण फार दिवस चालू ठेवली तर लोकशाहीचीच इमारत धोक्यात येईल. माझ्या शब्दांत मी सांगितले, अर्थ तोच आहे. कृतज्ञता आणि भक्ती यांतला फरक आपल्या अंगी यायला पाहिजे. कारखाना काढला म्हणून नमस्कार करावा, पण हिशेब विचारणे सोडू नये.

आता आपल्या जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट पाहू. नगर तालुक्यात हिवरे बाजार गाव आहे. तिथे पाऊस कमी, एकेकाळी दारू आणि भांडणे यांनी गाव बदनाम झालेले. १९८९ साली गावातल्या तरुणांनी एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केले. म्हणजे तिथेही शिकलेला माणूसच पुढे झाला. पण कारभार ग्रामसभेत आणला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी, श्रमदान हे सारे गावासमोर ठरले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा, आणि पाणी किती त्यावर पिके ठरवायची. उसासारखे तहानलेले पीक नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाण्याचा हिशेब फळ्यावर लिहिला म्हणजे तो शिकलेल्यालाही दिसतो आणि न शिकलेल्या बाईलाही समजावून सांगता येतो. मिशेल्सने म्हटले होते ना, माहिती ज्याच्याकडे, पद त्याच्याकडे? इथे माहितीच वाटून टाकली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

पण मला याहून मोठे वाटले ते २०२१ साली घडले. सुमारे तीस वर्षे त्या गावात निवडणूक बिनविरोध होत असे. त्या वर्षी जानेवारीत पहिल्यांदा काही लोक विरोधात उभे राहिले आणि मतदान झाले. पवारांचेच लोक निवडून आले. पेपरात हे आले तेव्हा आमच्या गिरणीवर चर्चा झाली. एकजण म्हणाला, "बघा, आदर्श गावातही भांडण आले." मला तसे वाटले नाही. बिनविरोध या शब्दाचे आपल्याला फार कौतुक आहे. पण सगळे खरोखर एकमताचे आहेत म्हणून बिनविरोध, की कोणी उभे राहायला धजत नाही म्हणून बिनविरोध, हे बाहेरून कळत नाही. मत पडले आणि मग लोकांनी त्यांनाच निवडले, तर त्या मोठेपणाला अधिकच तेज आले म्हणायचे.

त्याच निवडणुकीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत काय झाले, तेही आठवा. तिथे निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून पदांचा लिलाव झाला. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसा देवळासाठी होता म्हणे. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. देवाच्या नावाने झाला तरी तो सौदाच. ज्याची बोली मोठी त्याचा सरपंच, मग गरिबाच्या मताला राहिले काय?

भगिनींनो, येथवर मी लोकांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझ्या चुकीची सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कायदा असा आहे की ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा व्हावी, आणि तिच्यात ठरलेले ग्रामसभेपुढे यावे. चांगला कायदा आहे. एके दिवशी दुपारी पंचायतीचा शिपाई नोंदवही घेऊन दारात आला. "काकी, महिलासभेची सही." माझे हात पिठाचे. मी हात पदराला पुसले आणि सही केली. सभा कुठे होती, कधी होती, वहीत वर काय लिहिले होते, काही विचारले नाही. त्यालाही घाई होती आणि माझेही दळण खोळंबले होते.

दोन महिन्यांनी वेशीवर कमानीचे काम सुरू झाले. निधीचे पैसे कमानीला गेले होते. खालच्या वस्तीला नळाची लाइन त्याच पैशांतून व्हावी, अशी मागणी कितीतरी दिवस होती, ती मागे पडली. खालच्या वस्तीची एक बाई दळण घेऊन गिरणीवर आली. डबा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, आता डोक्यावर हंडा घेऊन कमानीखालून यायचे. बरे दिसेल." मी म्हटले, "पुरुषांनी ठरविले असेल ग." ती म्हणाली, "नाही, महिलासभेनेच ठराव दिला म्हणतात. तुमची सही आहे ना त्याच्यावर?"

चक्की चालू होती म्हणून बरे. मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी विचार केला की हा ठराव कोणी केला? चार मोठ्या माणसांनी. पण तो पक्का कोणी केला? माझ्या सहीने. मोठ्या माणसांची ताकद त्यांच्या वाड्यात नसते, ती आपल्या न वाचता केलेल्या सह्यांत असते.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी मोठ्या घरच्या थोरल्या वहिनींकडे गेले. त्यांच्या घरात पद आहे, मान आहे. मला वाटले, रागावतील. त्यांनी मला ओट्यावर न बसवता आत नेले, सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, "सही माझीही आहे. आणि मीही वाचली नव्हती." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "पुढच्या सभेला मी येते. मी आले म्हणजे सभा खरोखर घ्यावी लागेल. पण बोलायचे तुम्ही. मी बोलले तर ते आमच्या घरचे बोलणे होईल."

आम्ही दारोदार फिरलो. खालच्या वस्तीत मी स्वतः गेले. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण त्या वस्तीत मी प्रथमच पाऊल टाकले होते. सभेच्या दिवशी चाळीसच्या वर बायका आल्या. पंचायतीच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, आम्ही जमिनीवर बसलो. थोरल्या वहिनीही जमिनीवर बसल्या. मी दोनच वाक्ये बोलले आणि माझा आवाज कापत होता. बाकीचे वस्तीवरच्या बायकांनीच सांगितले. किती हंडे, किती अंतर, उन्हाळ्यात पहाटे किती वाजता उठावे लागते. ठराव लिहून झाल्यावर मी म्हटले, "सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा." तो वाचला, आणि मग सह्या झाल्या.

पुढच्या वर्षी लाइनचे काम सुरू झाले. आज वस्तीच्या अर्ध्या घरांत नळ आहे, अर्ध्या घरांत अजून नाही. म्हणजे गोष्ट पुरी झालेली नाही. पण मला त्यातून एक शहाणपण आले ते सांगते. थोरल्या वहिनी आल्या नसत्या तर दार उघडले नसते. आणि त्या एकट्याच आल्या असत्या, तर नळ मिळाला असता कदाचित, पण तो त्यांचा उपकार झाला असता. उपकाराचा नळ उद्या रुसल्यावर बंद होतो. हक्काचा नळ बंद झाला तर विचारता येते.

लोकशाहीत मोठ्या माणसांचे काम ते हेच, असे मला वाटते. त्यांनी दार उघडावे आणि दारातून बाजूला व्हावे. आणि आपले काम, दार उघडल्यावर आत जावे. आपली म्हण आहे, "गाव करी ते राव न करी." दुसरीही म्हण आहे, "हाजीर तो वजीर." सभेला जो हजर, तो वजीर. आपण हजर नसलो तर वजिरी कोणाकडे जाईल, हे सांगायला पंडित कशाला हवा?

आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांतही स्त्रियांसाठी दोन जागा ठेवायची तरतूद आहे. पण जागा बाईची आणि खुर्चीवर तिचे यजमान, हे अजून कितीतरी ठिकाणी दिसते. त्या बाईला हसू नका. तिला कोणी वही वाचायला शिकविले नाही, तशीच मीही होते. तिच्या शेजारी जाऊन बसा.

आता शेवटचे, आणि अध्यक्षीणबाई, याचा राग मानू नये. आपले मंडळ हीदेखील एक लहानशी लोकशाही आहे. इथेही पदाधिकारी वर्षानुवर्षे बिनविरोध होतात. त्या चांगले काम करतात, वेळ देतात, प्रसंगी पदरचे पैसे घालतात, म्हणून त्यांच्याविषयी आदरच आहे. पण आपल्या कार्यकारिणीत खालच्या वस्तीची एकही बाई नाही. सभा दुपारी तीनला असते. रोजाने कामाला जाणारी बाई तीनला कुठून येणार? आपण तिला येऊ नको असे कधी म्हटले नाही, फक्त वेळ अशी ठेवली की तिला येता येऊ नये. दार बंद न करता कुलूप लावले, असेच झाले हे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. सभा रात्री जेवणे झाल्यावर घ्यावी. वर्षाचा जमाखर्च नुसता फळ्यावर न लावता सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. आणि कोणतेही पद एकीकडे सलग तीन वर्षांहून अधिक राहू नये, कार्यकारिणीत दोन जागा वस्तीवरच्या भगिनींना असाव्यात. हे पदाधिकाऱ्यांवर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या माझ्याकडे पद आले तर मलाही हाच नियम लागू असावा, म्हणून.

आपण रोज दूध विरजतो. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. समाजात मोठी माणसे ही अशीच चमचाभर असतात, आणि त्यांच्यावाचून दही लागत नाही, हे खरे. पण विरजण कोणी वर्षभर एकच जपून ठेवीत नाही. ठेवले तर ते आंबते, आणि सगळे दूध नासते. आजच्या दह्यातूनच उद्याचे विरजण काढावे लागते. तसे आज मागे खांबाला टेकून बसलेल्या बायकांतूनच उद्याच्या अध्यक्षीणबाई निघाल्या पाहिजेत.

मला उभे केल्याबद्दल चिटणीसबाईंचे आभार. आणि हो, भाषण झाले म्हणून माझी चहाची पाळी चुकलेली नाही. पातेले चुलीवर आहे. कोणी उठू नका.